माळढोक, न्यायालय आणि सरकारी पडीक

सोलापूरहून साईदर्शनासाठी शिर्डीस निघालेला यात्रेकरू टेंभुर्णी, करमाळा, मिरजगाव, नगर, राहुरी या वाटेने येतो. वाटेत त्यास ऊस दिसतो, ज्वारी दिसते, मधूनच मुरमाड बरड माळ आणि त्यावर चरणारी मेंढरे दिसतात. या वाटेचा बराच मोठा भाग कित्येक वर्षे कायद्याच्या दृष्टीने अभयारण्यातून जात होता, असे त्यास सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. परंतु वस्तुस्थिती तशीच होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला. गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक भरेल एवढा हा प्रदेश होता. आपल्या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे व नेवासे आणि सोलापूरकडील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढे, करमाळे या तालुक्यांतील गावेच्या गावे त्यात आली.

ज्या पक्ष्यासाठी एवढे मोठे अभयारण्य झाले, तो पक्षी आज या प्रदेशातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. एखादा दिसलाच तर ती वृत्तपत्रांत बातमी होते. पक्षी गेला तो काही कायद्याच्या अभावी गेला नाही. कायदा होता, अभयारण्य होते, न्यायालयांचे आदेश होते, समित्या होत्या. एवढी सर्व सामग्री हाताशी असता हे का घडावे, हा प्रश्न केवळ पक्षिप्रेमी मंडळींचा नाही. ज्या गावात सरकारी माळ किंवा गायरान शिल्लक आहे, त्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे. आणि कालव्याच्या पाण्याने हिरव्या झालेल्या राहाता-कोपरगावच्या पट्ट्यातील गावेही त्यातून सुटलेली नाहीत. या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे: न्यायालय विध्वंस करणारा हात रोखू शकते, पण माळावर गवत राखणे त्याच्या हाती नाही; आणि ज्या जमिनीवर ते गवत राखणे शक्य होते, ती सरकारी जमीन आपण ‘पडीक’ या एका शब्दाने आधीच निकालात काढली होती.

माळाचा रहिवासी

माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांपैकी सर्वांत वजनदार अशा मोजक्या पक्ष्यांत गणला जातो. नर मीटरभर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. त्यास झाडी नको, मोकळा माळ हवा. लांबवर दृष्टी पोहोचेल असे गुडघाभर गवत हवे. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातील धान्य हे त्याचे अन्न. मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कुत्रा, कोल्हा, गुरांचा खूर किंवा नांगराचा फाळ यांपैकी काहीही त्या अंड्यावर पडले म्हणजे त्या जोडीचे ते वर्ष वाया गेले. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीला थोडीशी हानीही सोसवत नाही. त्यातच या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने उडताना त्यास समोरचे नीट दिसत नाही, आणि विजेची तार ऐनवेळी दिसलीच तरी जड देहास चटकन वळता येत नाही.

राष्ट्रीय पक्ष्याची निवड व्हावयाची होती तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचविले होते. नामशेष होऊ पाहणाऱ्या पक्ष्याकडे देशाचे लक्ष जावे, हा त्यांचा हेतू होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९६९ च्या सुमारास देशात माळढोकांची संख्या १,२६० असावी, असा अंदाज होता. २०११ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण उभे राहिले तेव्हा हा आकडा सुमारे दीडशेवर आला होता, आणि त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानच्या थर वाळवंटात होते.

महाराष्ट्रातील माळढोकाची कथा सुरू होते ती सोलापूरजवळच्या नान्नज येथे. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात तेथील माळढोकांकडे अभ्यासकांचे व शासनाचे लक्ष वेधले. हाच काळ १९७२ च्या दुष्काळानंतरचा. अवर्षणप्रवण क्षेत्रांच्या विकास कार्यक्रमाखाली वनखात्याने तेथे माळाचे काही तुकडे कुंपण घालून चराईसाठी बंद केले. हेतू चाऱ्याचा होता, पक्ष्याचा नव्हता. पण गवत वाढले, गवताबरोबर टोळ आले, आणि माळढोकास घरट्यासाठी शांत जागा मिळाली. पुढे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने डॉ. असद रहमानी यांनी या पक्ष्याचा जो अभ्यास केला, त्यातील एक महत्त्वाचे ठिकाण नान्नज हे होते. सरकारी मालकीचे थोडे गवताळ तुकडे आणि भोवती ज्वारी-भुईमुगाची कोरडवाहू शेती, एवढ्या भांडवलावर हा पक्षी तगू शकतो, हे तेथे सर्वांस दिसले होते.

रेषा मोठी, माळ लहान

हा अनुभव गाठीशी असताना १९७९ साली जी अधिसूचना निघाली, ती मात्र तुकड्यांची नव्हती. अख्ख्या तालुक्यांवर रेषा ओढणारी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे एक कलम येथे लक्षात घेतले पाहिजे. एखादा प्रदेश अभयारण्य करण्याची अधिसूचना निघाली, की त्यातील जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क कोणास मिळत नाही. वनखात्याच्या राखीव जंगलात या कलमाने कोणाचे बिघडत नाही. पण जेथे बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे, तेथे त्याचा अर्थ खरेदी-विक्री अडणे, बिगरशेती परवाना अडणे, रस्त्याच्या नि कारखान्याच्या प्रस्तावास हरकत येणे असा होतो. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू पाहणाऱ्या कर्जतच्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिलेला नसे. पण माळढोकामुळे आपला व्यवहार थांबला, हे त्यास कळत असे. मग त्या पक्ष्याविषयी त्याच्या मनात ममत्व कोठून निर्माण व्हावे?

अभयारण्यातील लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते निश्चित करावेत, ही जबाबदारी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यावर टाकली आहे. देशभर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. १९९५ साली दाखल झालेल्या एका जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट १९९७ रोजी राज्यांना हे काम एका वर्षात पुरे करण्यास फर्माविले. त्याच याचिकेत १३ नोव्हेंबर २००० रोजी न्यायालयाने दुसरा आदेश दिला: पुढील आदेश होईपर्यंत कोणतेही अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान विनाअनुमती रद्द करू नये. हा आदेश देशातील कित्येक वनक्षेत्रांचे कवच ठरला, याबद्दल दुमत नाही. आपल्याकडे मात्र त्याचा परिणाम दुहेरी झाला. अभयारण्याच्या सीमा न्यायालयाच्या परवानगीवाचून हलविता येईनात. आणि त्या सीमांच्या आत, ज्या गवतासाठी हा सारा खटाटोप होता, ते गवत मात्र दरसाल घटत गेले.

याच काळात भूभागाचे रूप पालटत होते. भीमेवर उजनी धरण झाले, कुकडी व घोडचे कालवे श्रीगोंदे-कर्जतकडे आले, आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. पाण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसास या बदलाचा आनंद झाला, तर त्यात वावगे काही नाही. पण माळढोकास ज्वारीच्या रानात वावरता येते, उसाच्या फडात येत नाही. अभयारण्याच्या नकाशात यातले काहीच उमटले नाही. नकाशा १९७९ चाच राहिला.

अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. वर्तमानपत्रांनी ‘लोकांची सुटका’ म्हणून त्याचे स्वागत केले, तर पर्यावरणवाद्यांनी ‘पक्ष्याचा बळी’ म्हणून खेद केला. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या असल्या तरी दोन्ही अपुऱ्या होत्या. शेतकऱ्याच्या जमिनीवरचे ओझे उतरणे न्याय्यच होते. मात्र ते उतरविताना, उरलेल्या सरकारी माळांची निगा शतपटीने वाढवू, असा सौदा शासनाने स्वतःशी करावयास हवा होता. सीमा कमी झाल्या. पण निगा त्या प्रमाणात वाढली नाही.

कायद्याच्या शिल्पकारास न्यायालयाची पायरी

वन्यजीव संरक्षण कायदा घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या डॉ. एम. के. रणजितसिंह यांनाच २०१९ मध्ये माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करावी लागली. कायदा करणाऱ्यावरच कायदा अमलात आणा म्हणून दाद मागण्याची वेळ यावी, यापरते अधिक भाष्य करण्याची गरज नाही. त्यांच्या याचिकेतील मुख्य मुद्दा विजेच्या तारांचा होता. राजस्थान-गुजरातच्या मोकळ्या प्रदेशांत सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प झपाट्याने उभे राहिले, त्यांच्या तारांचे जाळे पसरले, आणि थरमध्ये या तारांवर आपटून वर्षाकाठी अंदाजे १८ माळढोक मरतात, असे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात दिसून आले होते. दीडशेच्या संख्येतून वर्षाला अठरा वजा होऊ लागले, तर हिशेब करण्यास फार गणित लागत नाही.

१९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, या प्रदेशांतील तारा शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात व तोवर त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावाव्यात, असा आदेश दिला. केंद्र सरकारने त्यात बदल मागितला. उच्च दाबाच्या तारा जमिनीखालून नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड व अतिशय खर्चाचे आहे आणि सौर ऊर्जा ही हवामानबदलाशी झुंजण्यासाठी देशाची गरज आहे, असे सरकारचे म्हणणे होते. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवरील सरसकट निर्बंध मागे घेतला व तज्ज्ञांची समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाचा हक्क याच निकालाने मान्य केला. १९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने समितीच्या शिफारशी स्वीकारून राजस्थानात १४,०१३ व गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर क्षेत्र अग्रक्रमाच्या संरक्षणासाठी निश्चित केले.

या निकालांच्या गुणदोषांची चर्चा कायदेपंडितांनी करावी. आपल्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट मात्र मनास लागणारी आहे. राजस्थानचे नाव या आदेशांत आहे, गुजरातचेही आहे. अग्रक्रमाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्राचा एक चौरस किलोमीटरही त्यात नाही. एके काळी याच पक्ष्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटर राखून ठेवल्याचे सांगणाऱ्या राज्याकडे आता राखण्यासारखे पक्षीच उरले नव्हते. न्यायालयात दाद मागावयाची तर वादी जिवंत असावा लागतो. आपला वादी सुनावणीपूर्वीच गेला.

याचा अर्थ न्यायालयाचे काम व्यर्थ गेले असा नाही. २०१३ साली आशियाई सिंहासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निसर्गाचा विचार केवळ माणसाच्या उपयोगाच्या मापाने करू नये, असे तत्त्व मांडले आणि ज्या जातींच्या रक्षणासाठी तातडीने पावले टाकण्यास केंद्रास सांगितले, त्यांत माळढोकाचाही समावेश केला. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ मध्ये माळढोकांच्या बंदिस्त प्रजननाचे काम सुरू झाले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मास आले. शास्त्राची ही मोठीच कामगिरी आहे. परंतु ही पिल्ले मोठी झाल्यावर सोडावयाची कोठे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. त्याचे उत्तर माळानेच द्यावयाचे आहे, आणि माळ शिल्लक असेल तरच ते मिळेल.

हवाईचा पक्षी आणि नाथसागर

न्यायालयीन लढाईची शक्ती आणि मर्यादा दोन्ही पाहावयाच्या तर अमेरिकेतील हवाई बेटांचे उदाहरण बोलके आहे. तेथे मौना केआ या पर्वतावरील सरकारी जमिनीवर पालीला नावाचा लहानसा पक्षी राहतो. शिकाऱ्यांच्या हौसेसाठी त्याच जमिनीवर शासनाने रानटी शेळ्या-मेंढ्या पाळू दिल्या, आणि पालीला ज्या झाडांवर जगतो ती झाडे त्यांनी कोवळी असतानाच खाल्ली. १९७८ साली निसर्गसंस्थांनी दावा लावला तेव्हा वादींच्या यादीत पहिले नाव पालीला या पक्ष्याचेच होते. १९७९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे माळढोक अभयारण्याची अधिसूचना निघाली त्याच वर्षी, न्यायालयाने पक्ष्याच्या बाजूने कौल दिला: निवासस्थानाचा नाश म्हणजे पक्ष्यासच इजा, आणि सरकारने ती जनावरे तेथून हलवावीत. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल कायमचा कोरला गेला. तरीही पालीलाची संख्या पुढील काळात घटतच राहिली. कारण कुंपणे घालणे, जनावरे हटविणे, झाडे पुन्हा वाढविणे ही कामे वर्षानुवर्षे चिकाटीने करावी लागतात आणि त्यांत ढिलाई होत राहिली. निकाल एका दिवसात लागतो. जंगल त्या दिवसापासून वाढू लागते, आणि तेही कोणी वाढू दिले तर.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील जायकवाडीचा अनुभव वेगळा, पण विचार करावयास लावणारा आहे. नाथसागराचे जलक्षेत्र १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्याचा काही भाग नेवासे-शेवगाव तालुक्यांत येतो. या जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याच्या केंद्र सरकारच्या एका वीज उपक्रमाच्या योजनेस आव्हान दिले गेले. राष्ट्रीय हरित लवादाने ते मान्य केले नाही आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. थरमध्ये सौर ऊर्जा आणि पक्षी समोरासमोर उभे राहिले, तसेच येथेही राहिले. धूर ओकणाऱ्या कारखान्याविरुद्ध लढणे नैतिकदृष्ट्या सोपे असते. जेथे दोन्ही पक्ष पर्यावरणाचेच नाव घेतात, तेथे न्यायालय सहसा समतोल शोधते. आणि त्या तराजूत ज्याच्या बाजूने कागदोपत्री पुरावा कमी, त्याचे पारडे वर जाते. पक्ष्याच्या बाजूचा पुरावा कोणी गोळा केलेला असतो काय, हा खरा प्रश्न आहे.

‘पडीक’ या शब्दाचा न्याय

आता आपल्या गावच्या माळाकडे वळू. महसुली भाषेत ज्या जमिनीवर पीक नाही, ती पडीक अथवा पोटखराब. इंग्रजी अमदानीत जमिनीची किंमत सारा किती मिळेल यावरून ठरे, आणि जेथे सारा नाही तेथे किंमत नाही, हा त्या पद्धतीचा स्वभावच होता. स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, शब्द तोच राहिला. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांनी भरलेला माळ हा मेंढपाळाचा चारा आहे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, तित्तर यांचे ते घर आहे. पावसाचे पाणी मुरविणारी ती जमीन आहे. पण दप्तरात तिची नोंद ‘रिकामी’ अशीच असते.

आणि रिकामी जागा दिसली की ती भरण्याचा मोह प्रत्येकास होतो. वनखात्यास झाडे लावावीशी वाटतात. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, तेव्हा झाडाविना असलेली प्रत्येक टेकडी उजाड मानली गेली. माळावर गिरिपुष्प वा सुबाभूळ लावली म्हणजे माळढोकाच्या दृष्टीने त्या माळाचा अंतच होतो, हे नान्नजच्या अनुभवानंतरही आपण मनावर घेतलेले नाही. आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडली आहे. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने सौर कृषी वाहिनीची योजना आखली व तिच्यासाठी गायरानांसह शासकीय जमिनी उपलब्ध करून दिल्या जात आहेत. रात्री बारा वाजता पाणी धरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याची यातना ज्याने पाहिली आहे, तो या योजनेस विरोध करणार नाही. पण कोणते गायरान द्यावे आणि कोणते राखावे, हा विवेक तरी हवा की नको?

कायद्याची स्थिती पाहिली तर येथे मोठी पोकळी आहे. माळ वनखात्याचा असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा त्याच्या मदतीस येतो. महसूल खात्याचे गायरान असेल तर सहसा येत नाही. सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाकडे जाता येते, पण ज्या कायद्यांखाली तेथे दाद मागता येते त्यांच्या सूचीत वन्यजीव संरक्षण कायदाच नाही. शिवाय तक्रारीचे कारण घडल्यापासून सहसा सहा महिन्यांतच अर्ज करावा लागतो. उरते ते उच्च न्यायालय. गावच्या सामायिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात दिलेला निकाल मोलाचा आहे. गावाची सामायिक जमीन ही बळकाविण्याची वस्तू नाही, असे सांगून त्या निकालाने सर्व राज्यांना अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखण्यास फर्माविले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी गायरानांच्या वाटपावर निर्बंध घालणारा निर्णय काढला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली.

मात्र येथेही सावधगिरी हवी. गायरानावर धनदांडग्याचा बंगला असतो तसेच भूमिहीनाचे झोपडेही असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून पोट भरणारी दलित कुटुंबेही असतात. पक्ष्याच्या नावाने सर्वांत आधी झोपडेच हटणार असेल, तर १९७९ चीच चूक आपण नव्या रूपात करू. गरिबाच्या पोटावर पाय देऊन राखलेले अभयारण्य कागदावरच राहते. मेंढपाळाच्या बाबतीतही हेच. माळ आजवर टिकला तो बव्हंशी मेंढपाळाच्या चराईमुळे. अतिचराईने गवत संपते हे खरे, पण काही महिने बंदी आणि काही महिने चराई असा पाळीचा मार्ग उभयतांस मानवतो. विणीच्या पावसाळी दिवसांत माळाचा एक तुकडा राखावा आणि त्याबद्दल मेंढपाळास दुसरीकडे हक्काची चराई द्यावी, एवढे जमले तरी पुष्कळ साधेल. ज्या जिल्ह्यास चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव दिले गेले, त्या जिल्ह्यात मेंढपाळाच्या माळाची आठवण वेगळी करून द्यावी लागू नये.

दाव्याची तयारी

या लेखाचे वाचक शिक्षक आहेत, कार्यालयांतून काम करणारे आहेत, विद्यार्थी आहेत. सर्वोच्च न्यायालयात याचिका करणे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या आवाक्यात असेल. पण याचिकेपूर्वीचे जे काम असते, ते त्यांच्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही. गावात गायरान किती, गट क्रमांक कोणते, त्यातले किती वाटले गेले, किती उरले, याची माहिती गावच्या महसूल दप्तरात असते आणि माहितीच्या अधिकाराने ती मागता येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ती एखाद्या बाहेरच्या माणसाकडून भरून घेतलेली असते आणि तिच्यात गावच्या माळाचा पत्ताही नसतो. शाळेतील मुलांनी वर्षभर दर महिन्यास एकदा माळावर जाऊन कोणता पक्षी दिसला, कोठे घरटे होते, गवत किती उंच होते, एवढे तारखेनिशी लिहून ठेवले, तरी ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवता येते. उद्या प्रसंग आलाच, तर न्यायालयापुढेही ती पुरावा म्हणून उभी राहते. सहा महिन्यांच्या मुदतीत पुरावा उभा करता येत नाही. तो आधीपासून असावा लागतो.

शासनाकडून अपेक्षा तीन आहेत. राज्यातील गवताळ माळांची ‘पडीक’ सदरातून सुटका करून त्यांना ‘गवताळ प्रदेश’ अशी स्वतंत्र नोंद द्यावी. अशा जमिनींवर सरसकट वृक्षलागवड करू नये. आणि सौर प्रकल्पास गायरान देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे त्या जमिनीचा चराईच्या व वन्यजीवांच्या दृष्टीने लेखी अहवाल ठेवावा. यांपैकी एकाही गोष्टीस फार मोठा खर्च नाही, आणि एकाही गोष्टीने शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही.

राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शासनावर वनांचे व वन्यजीवांचे रक्षण करण्याची जबाबदारी टाकली आणि नागरिकावर प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य. ही दोन कलमे शाळेच्या पुस्तकांतून मुले पाठ करतात. त्यांचा पहिला धडा गावाबाहेरच्या माळावर गिरवता येईल. माळढोक तेथे कदाचित पुन्हा येणार नाही. पण धाविक आहे, चंडोल आहे, खोकड आहे, आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अवघ्या सव्वादोन चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात १९८० पासून काळविटांचे कळप राखले गेले आहेत. साडेआठ हजार चौरस किलोमीटर नावापुरते राखण्यापेक्षा दोन चौरस किलोमीटर मनापासून राखणे अधिक फलदायी ठरते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.